उंचीवरचा विरळ हवेचा त्रास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली दिलेले औषधांचे डोस, वेगळं म्हटलं नसेल तिथे, निरोगी प्रौढांसाठीचे आहेत. आधीचा आजार असेल, नेहमीच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्या.

त्रास किती उंचीपासून होऊ शकतो?

साधारण २५०० मीटरपासून. २००० मीटरवरही एखाद्याचं रात्री डोकं धरतं, पण असे थोडेच. ३५०० मीटरपर्यंत बहुतेकांचं डोकेदुखी, मळमळ आणि मोडकी झोप यावर निभावतं. त्याच्या वर जिवावर बेतणारे प्रकार जास्त दिसू लागतात. क्वचित ते खालीही होतात, त्यामुळे ‘तीन हजारावर काही होत नाही’ असं कुणी ठामपणे सांगितलं तर मान डोलवू नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. दिवसभरात किती उंच चढलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला महत्त्व आहे. या पानावर ‘किती चढायचं’ असं जिथे म्हटलं आहे, तिथे झोपायची उंची समजा.

वर ऑक्सिजन कमी असतो म्हणजे काय होतं?

हवेतली ऑक्सिजनची टक्केवारी बदलत नाही. समुद्रकाठी २०.९ आणि शिखरावरही २०.९. कमी होतो तो हवेचा दाब. ३००० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो, ५५०० मीटरवर निम्मा आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक तृतीयांश. दर श्वासागणिक छातीत जाणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने घटतो.

शरीर लगेच जास्त श्वास घेऊ लागतं. पण जास्त श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता कमी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मग मूत्रपिंडं रक्तातलं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात आणि तो लगाम हळूहळू सैल होतो. याला काही दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात आपण ‘शरीर उंचीला रुळलं’ म्हणतो ते मुख्यतः हेच. तांबड्या पेशी वाढायला त्याहून बराच जास्त वेळ, काही आठवडे लागतात. तेव्हा वर गेल्यावर लघवीला वारंवार जावं लागत असेल तर कटकट मानू नका, काम चालू असल्याची ती खूण आहे.

त्रासाचे प्रकार किती?

तीन. पहिला साधा उंचीचा त्रास, ट्रेकर्सच्या बोलण्यातला ‘एएमएस’. दुसरा मेंदूला सूज येणं, ‘हेस’. तिसरा फुफ्फुसात पाणी भरणं, ‘हेप’. हेस बहुतेकदा एएमएसचीच पुढची पायरी असते. हेप मात्र डोकं अजिबात न दुखता, थेट येऊ शकतो. निम्मी गफलत इथेच होते: डोकं दुखत नाही म्हणजे उंची लागली नाही, असं धरून माणूस खोकत खोकत आणखी एक मुक्काम चढतो.

साधा त्रास आहे की नुसता थकवा, हे कसं ठरवायचं?

लेक लुईस गुणपद्धत वापरा. चार गोष्टी पाहायच्या: डोकेदुखी, पोट (भूक नसणं, मळमळ, उलटी), थकवा किंवा गळाठा आणि चक्कर. प्रत्येकीला ० ते ३ गुण. काहीच नाही तर ०, थोडी १, मध्यम २, असह्य ३. डोकेदुखीला निदान १ आणि एकूण बेरीज ३ किंवा जास्त असेल तर तो एएमएस. ३ ते ५ सौम्य, ६ ते ९ मध्यम, १० ते १२ तीव्र. पूर्वी झोपेचेही गुण धरत, २०१८च्या सुधारणेत ते काढले, कारण उंचीवर चांगल्या-भल्या माणसाचीही झोप मोडते.

गुण नवीन उंचीवर पोचून सहा तास झाल्यावर मोजा. त्याआधीचं डोकं उन्हाचं, गाडी लागल्याचं किंवा रिकाम्या पोटाचं असू शकतं. रात्रीच्या जेवणाआधी एकदा आणि सकाळी निघण्याआधी एकदा, सगळ्यांचे, वहीत लिहून. तोंडी विचारलं की सगळेच ‘मस्त’ म्हणतात. समोर वही धरून ‘डोकं, शून्य ते तीन?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं.

डोकं पाणी कमी प्यायल्यानेही दुखतं. उंचीचंच कशावरून?

खात्रीने सांगता येत नाही, म्हणून नियम उलटा आहे: उंचीवर बरं वाटत नसेल तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच. एक लिटर पाणी प्या, काहीतरी खा, पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन घ्या आणि स्वस्थ बसा. तासा-दोन तासांत डोकं पूर्ण उतरलं आणि बाकी काहीच नसेल, तर पाण्याचा किंवा उन्हाचा प्रश्न असावा. उतरलं नाही, किंवा जोडीला मळमळ आली, तर एएमएस धरून चाला.

एका कारणाकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. बंद तंबूत स्टोव्ह पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याची लक्षणं हुबेहूब एएमएससारखी असतात: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं. एकाच तंबूतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर आधी स्टोव्ह बंद करा आणि सगळ्यांना उघड्यावर आणा. ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण बोटाला लावायच्या साध्या यंत्राला मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त ऑक्सिजनवालंच वाटतं.

मेंदूला सूज येते आहे हे कसं कळतं?

दोन गोष्टींवरून: तोल आणि वागणं.

तोल तपासायला जमिनीवर काठीने तीन मीटरची सरळ रेघ ओढा. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत त्या रेघेवरून चालायला सांगा, टोकाला वळून परत. आधी एखाद्या धडधाकट माणसाला त्याच जागेवर, तसेच बूट घालून चालवा, म्हणजे जमीन उंचसखल आहे का तेही कळेल. रेघेबाहेर पाऊल पडणं, हात पसरून सावरणं, पडायला होणं, यांतलं काहीही निरोगी माणसापेक्षा ठळकपणे दिसलं तर तो हेस समजा. थंडीने आखडलेल्या किंवा पार थकलेल्या माणसाला गरम करून, अर्धा तास बसवून पुन्हा चालवा. पण हा अर्धा तास उतरण्याच्या तयारीत घालवा.

वागण्यातला बदल तपासाआधी दिसतो, लक्ष असेल तर. बुटाची नाडी दोनदा बांधूनही सुटते. हातमोजा खाली पडतो आणि तो उचलत नाही. प्रश्नाला एका शब्दात उत्तर देतो, जेवायला तंबूबाहेर येत नाही, ‘झोपू द्या’ म्हणून चिडतो. हा चिडचिडा स्वभाव नव्हे, मेंदू सुजतो आहे. यापुढे गुंगी, मग बेशुद्धी, आणि हा प्रवास काही तासांचाही असू शकतो. अशा माणसाला ‘सकाळी बघू’ म्हणून झोपू देणं ही उंचीवरची सर्वांत महागात पडणारी चूक.

आणि फुफ्फुसात पाणी भरतंय हे?

बहुधा नवीन उंचीवर पोचल्यापासून दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, त्यातही रात्री. एकाच उंचीवर पाच दिवस काढले की धोका बराच ओसरतो.

पहिली खूण म्हणजे दम. काल गटाच्या पुढे असणारा आज शेवटी पडतो आणि थांबल्यावरही त्याचा श्वास खाली येत नाही. मग कोरडा खोकला. मग बसल्या जागी धाप, आडवं झाल्यावर जास्त, म्हणून सॅकला टेकून बसून रात्र काढणं. ओठ आणि नखं निळसर. नाडी विश्रांतीतही जोरात. अंगात बारीक ताप असू शकतो आणि त्यामुळे न्यूमोनिया समजून फक्त अँटिबायोटिक देऊन थांबणारे आढळतात. खोकल्यातून गुलाबी फेस येणं हे शेवटचं लक्षण आहे. त्याची वाट पाहायची नसते.

स्टेथोस्कोप नसला तरी पाठीला, उजव्या काखेखाली कान लावून ऐका. कानाजवळ केसांची बट चोळल्यावर जसा चुरचुर आवाज येतो, तसा श्वास घेताना आला तर पाणी भरतंय.

कोरड्या थंड हवेने येणारा खोकला उंचीवर जवळपास सगळ्यांना असतो. फरक एवढाच: तो खोकणारा माणूस बसला की त्याला धाप नसते. विश्रांतीच्या वेळी श्वास मोजा. मिनिटाला २०च्या वर असेल आणि सोबत्यांपेक्षा बराच जास्त असेल तर खोकल्याचं सरबत बाजूला ठेवा.

ऑक्सिमीटर सोबत न्यावा का? किती आकड्याला घाबरायचं?

न्या, पण एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. ४००० मीटरवर ८५ टक्क्यांच्या आसपासचा आकडा ठणठणीत माणसातही दिसतो. तोच समुद्रसपाटीवर दिसला असता तर थेट दवाखाना. कामाची गोष्ट म्हणजे तुलना: एकाच मुक्कामी, एकाच वेळी, सगळ्यांचे आकडे. बाकीचे ८४ ते ८८ मध्ये असताना एकाचा ७२ असेल आणि त्याला धापही असेल, तर त्याला अर्थ आहे. उलट ८८ आकडा असलेला माणूस रेघेवर चालू शकत नसेल, तर आकडा विसरा.

बोटं गार असताना यंत्र काहीही दाखवतं. पाच मिनिटं हात काखेत गरम करा, नखांचा रंग काढा, कडक उन्हात सेन्सरवर हाताची सावली धरा, आणि आकडा अर्धा मिनिट स्थिर राहिल्यावरच लिहा.

मग चढायचं किती वेगाने?

३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. आम्ही ५०० ही वरची मर्यादा धरतो, लक्ष्य नाही. ३०० ते ४०० ठेवलं तर सगळा गट वर पोचण्याची शक्यता वाढते.

कागदावर ते असं दिसतं. ४९०० मीटरच्या तळावर जायचं असेल तर रात्री अशा: २७००, ३०००, ३४००, ३८००, पुन्हा ३८००, ४२००, ४६००, पुन्हा ४६००, ४९००. नऊ रात्री. हाच प्रवास पाच रात्रींत बसवलेले कार्यक्रम सर्रास विकले जातात. त्यातून कुणी ठणठणीत परत आला, तर तो त्याच्या शरीराचा गुण, कार्यक्रमाचा नव्हे.

कधी जागाच नसते. ३४०० नंतरचा पुढचा मुक्काम थेट ४१०० वर असतो, मध्ये पाणी नाही की सपाटी नाही. मग ७०० मीटरच्या त्या उडीआधी किंवा नंतर एक रात्र वाढवा, म्हणजे सरासरी ५०० च्या खाली राहते. कार्यक्रम ठरवताना अंतर, तास आणि जेवणं मोजण्याआधी रात्रींच्या उंचीचा एक उभा स्तंभ लिहून काढा. घोळ तिथेच दिसतो.

आणि शेवटी एक-दोन राखीव दिवस मोकळे ठेवा. परतीचं तिकीट घट्ट असलं की माणसं डोकेदुखी लपवतात.

‘चढा उंच, झोपा खाली’ याचा उपयोग होतो का?

होतो. विश्रांतीच्या दिवशी २०० ते ४०० मीटर वर जाऊन, तास-दीड तास थांबून परत मुक्कामी या. मात्र ही चढाई दमवणारी नको आणि लक्षणं असलेल्या माणसाने तर मुळीच नको. विश्रांतीचा दिवस दिवसभर तंबूत लोळून काढला तर झोपेत श्वास मंद होऊन संध्याकाळी डोकं जास्त दुखतं.

विमानाने किंवा गाडीने थेट ३५०० मीटरवर उतरलो तर?

जोखीम तिथे सर्वांत जास्त असते, कारण शरीराला वाटेत एकही रात्र मिळालेली नसते. पहिले ४८ तास काहीही करू नका: सामान उचलणं नाही, शहर हिंडणं नाही, लगेच पुढची खिंड तर नाहीच. पोचल्यावर पहिले काही तास छान वाटतं आणि तिथेच फसगत होते. एएमएस साधारण ६ ते १२ तासांनी, म्हणजे बहुतेकदा पहिल्या रात्री येतो. जमत असेल तर वाटेत २५०० च्या आसपास एक-दोन रात्री काढून या. नसेल जमत, तर डायमॉक्सचा, म्हणजे उंचीला रुळायला मदत करणाऱ्या गोळीचा (पुढे पाहा), विचार इथे नक्की करा.

मी रोज दहा किलोमीटर धावतो. मला काय होणार?

धावण्याने चढ सोपा जातो, उंचीपासून संरक्षण मिळत नाही. उलट दमदार माणूस पहिल्या दिवसापासून भराभर चढतो आणि पुढच्या मुक्कामावर आडवा होतो. वय, स्त्री की पुरुष, व्यायाम यांपेक्षा बरंच काही सांगून जातो तो तुमचा मागचा अनुभव. पूर्वी तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच वेगाने त्रास झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता मोठी. हेप एकदा झालेल्याने तर प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निघूच नये.

हा त्रास दुर्मीळ नाही, हेही लक्षात असू द्या. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे इथे, ४२४३ मीटरवर, तपासलेल्या २७८ ट्रेकर्सपैकी ५३ टक्क्यांना एएमएस होता. तेव्हा त्रास झाला तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

डायमॉक्स घ्यावी का? कशी?

सावकाश कार्यक्रम असेल आणि आधी कधी त्रास झाला नसेल तर गरज नाही. एका दिवसात २८०० च्या वर जाऊन झोपणार असाल, पूर्वी एएमएस झाला असेल किंवा ३००० च्या पुढे रोज ५०० पेक्षा जास्त चढणं भाग असेल, तर घ्या.

नाव ॲसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम सकाळी आणि १२५ संध्याकाळी. गोळी सहसा २५० ची मिळते, तिचा अर्धा तुकडा. चढायला लागण्याच्या आदल्या दिवशी सुरू करा, सर्वांत उंच मुक्कामी पोचल्यावर दोन ते चार दिवस चालू ठेवा, किंवा उतरायला लागल्यावर बंद करा. एएमएस झालाच असेल तर उपचाराचा डोस २५० दिवसातून दोनदा. मुलांना वजनाप्रमाणे, दर किलोला २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

डायमॉक्स लक्षणं दाबते म्हणतात. खरं आहे का?

नाही. मूत्रपिंडांतून बायकार्बोनेट बाहेर टाकायचं जे काम शरीर काही दिवसांत करतं, तेच ही गोळी लवकर करवून घेते. म्हणजे रुळणं खरोखर वेगाने होतं. गोळी घेऊनही डोकं दुखलं तर ते खरं दुखणं आहे, आणि चढण्याचा वेग तिच्या जोरावर वाढवायचा नाही.

लक्षणं झाकण्याचा आरोप खरा तर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवर लागू होतो. त्याने माणूस काही तासांत टवटवीत दिसतो, पण शरीर रुळत नाही आणि औषध थांबलं की त्रास उसळून येतो. तो उतरण्यासाठी वापरायचा, चढण्यासाठी नाही.

डायमॉक्सने बोटांना मुंग्या येतात. घाबरायचं का?

नाही. बोटांना, ओठांभोवती मुंग्या, जास्त लघवी आणि सोड्याची पेयं बेचव लागणं हे अपेक्षित आहे. सल्फाच्या औषधाने पूर्वी गंभीर ॲलर्जी झाली असेल तर मात्र घेऊ नका. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा मोठा आजार असेल, गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आयुष्यातली पहिली गोळी डोंगरात घेण्यापेक्षा घरी दोन दिवस घेऊन पाहा.

रोज पाच लिटर पाणी प्यायलं की त्रास होत नाही ना?

पाण्याने एएमएस टळत नाही. पाणी कमी पडलं तर डोकं दुखतं आणि ते एएमएससारखं भासतं, एवढाच संबंध. कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातं, म्हणून बहुतेकांना ३ ते ४ लिटर लागतं. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पुरे. जबरदस्तीने सात-आठ लिटर रिचवल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि त्याचीही लक्षणं डोकेदुखी, उलटी, गोंधळ हीच.

दारू, झोपेची गोळी, ऑक्सिजनचा डबा?

दारू आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या श्वास मंद करतात, तेही नेमके रात्री, जेव्हा रक्तातला ऑक्सिजन आधीच तळाला असतो. नवीन उंचीवरच्या पहिल्या दोन रात्री तरी टाळा.

फवाऱ्याच्या डब्यातल्या ऑक्सिजनवर विसंबू नका. त्यात पाच-दहा लिटर असतो, मिनिटाला २ लिटरने तो पाच मिनिटांत संपला. खऱ्या सिलिंडरचा हिशेब करून पाहा: ४ लिटर क्षमतेच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने साधारण ८०० लिटर मावतो, म्हणजे मिनिटाला २ लिटरने सहा तास चाळीस मिनिटं, ४ लिटरने तीन तास वीस मिनिटं. एक रात्रही नाही.

रात्री सोबत्याचा श्वास मध्येच थांबतो. उठवू का?

चार-पाच खोल श्वास, मग पाच-दहा सेकंद शांतता, मग दचकून मोठा श्वास: उंचीवर झोपेत हे जवळपास सगळ्यांचं होतं आणि धोक्याचं नसतं. फार त्रास होत असेल तर झोपण्याआधी १२५ मिलिग्रॅम डायमॉक्सने फरक पडतो. सकाळी उठून माणूस नीट बोलतो, चालतो, खातो, तर काळजी नाही. चेहरा, पापण्या आणि हात सुजणंही एकट्याने धोक्याचं नाही, पण त्या दिवशी गुण जरा नीट मोजा.

त्रास सुरू झाला. आता काय करायचं?

सौम्य एएमएस असेल तर चढणं थांबवा. त्याच उंचीवर विश्रांती, दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटॅमॉल, उलटीसाठी औषध, हवी तर डायमॉक्स. एकटं सोडू नका. लक्षणं पूर्ण गेल्याशिवाय एक मीटरही वर नाही. २४ तासांत उतार पडला नाही किंवा त्याआधीच वाढलं, तर खाली.

हेस किंवा हेपची शंका जरी आली तरी लगेच खाली, रात्र असली तरी. किती? बरं वाटेपर्यंत, साधारण ३०० ते १००० मीटर. सर्वांत चांगला पल्ला म्हणजे जिथे शेवटचं ठणठणीत जागे झाला होतात तो मुक्काम. पाठीवरची सॅक काढून घ्या, धडधाकट दोघं सोबत द्या. हेपच्या माणसाला चालवू नका, निदान चढ तरी नकोच, कारण श्रमाने आणि थंडीने फुफ्फुसातला दाब आणखी चढतो. उचलून, घोड्यावरून, जमेल तसं न्या, गरम ठेवा, बसतं धरा.

हेलिकॉप्टर मागवलं असेल तरी वाट बघत बसू नका. हवा बिघडली की ते येत नाही.

बर्फवादळात उतरता येत नसेल तर?

मग जे आहे ते सगळं वापरा. ऑक्सिजन मिनिटाला २ ते ४ लिटर, आकडा ९० च्या वर राहील इतका. हेससाठी डेक्सामेथासोन आधी ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४. गिळता येत नसेल तर इंजेक्शनने. हेपसाठी निफेडिपिन, हळू विरघळणारी ३० मिलिग्रॅमची गोळी दर १२ तासांनी. रक्तदाब खाली येतो, म्हणून एकदम उभं करू नका. दोन्ही प्रकार एकत्र असतील तर दोन्ही औषधं.

गॅमो बॅग, म्हणजे माणूस मावेल एवढी हवाबंद पिशवी, असेल तर रुग्णाला आत झोपवून पायपंपाने हवा भरतात. आतला दाब वाढला की शरीराच्या हिशेबाने माणूस दीड हजार मीटर किंवा थोडा जास्त खाली उतरलेला असतो. पंप थांबवायचा नाही, कारण आतला कार्बन डायऑक्साइड त्या हवेनेच बाहेर जातो. कानात दडा बसतो, तेव्हा नाक धरून हवा फुंकायला आधीच शिकवून ठेवा. हेपच्या रुग्णाला सपाट झोपवत नाही, डोक्याकडची बाजू उतारावर वर ठेवा. एक-दोन तासांनी माणूस बरा दिसतो आणि इथेच लोक चुकतात. परिणाम काही तासांत ओसरतो. ही बॅग उपचार पूर्ण करायला नाही, स्वतःच्या पायाने उतरण्याइतका वेळ मिळवायला आहे.

लहान मुलं, गरोदरपण, जुने आजार?

मुलांनाही नियम तेच. बोलता न येणारं मूल डोकं दुखतं असं सांगत नाही. ते किरकिर करतं, खात नाही, खेळत नाही. प्रवासाचा थकवा असेल म्हणून थांबू नका, खाली न्या. उंचीवरच राहणारी मुलं सुट्टीत खाली जाऊन परत आली की त्यांनाही हेप होऊ शकतो, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब, सिकल सेल आजार, अस्थिर हृदयविकार, चालताना ऑक्सिजन लागण्याइतका फुफ्फुसाचा आजार असेल तर उंच ट्रेक नकोच. आटोक्यातला दमा सहसा अडत नाही, पंप खिशात ठेवा. मधुमेहींनी इन्सुलिन गोठू देऊ नये, अंगालगत ठेवावं. थंडीत ग्लुकोमीटरही चुकतो. गरोदर असाल तर तज्ज्ञांना विचारा आणि दवाखान्यापासून लांबच्या उंच वाटा टाळा.

सोबती म्हणतो ‘मी ठीक आहे’, पण तसा दिसत नाही. काय करू?

वाद घालू नका. सुजणाऱ्या मेंदूचा निर्णय त्याचा नसतो. ट्रेक सुरू होण्याआधीच सगळ्यांसमोर ठरवून ठेवा: रेघेवर न चालता आलं, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तो माणूस उतरेल आणि सोबत कोण जाईल हेही आधीच ठरेल. म्हणजे वेळ येते तेव्हा गटप्रमुख निष्ठुर ठरत नाही, फक्त ठरलेलं पाळतो.

उतरून बरं वाटलं. पुन्हा वर जाता येईल?

एएमएस असेल तर हो. सगळी लक्षणं पूर्ण गेल्यावर, तीही दुखण्याची गोळी न घेता, सावकाश चढा आणि डायमॉक्स सुरू ठेवा. डेक्सामेथासोन घेतला असेल तर तो थांबवून निदान २४ तास लक्षणं नकोत.

हेस झालेल्याने त्या मोहिमेत पुन्हा वर जाऊ नये. चाल आठवड्यानेही पूर्ण सरळ झालेली नसू शकते. हेप उतरल्यावर माणूस दोन दिवसांत झकास दिसतो, पण बसल्या जागी आणि हलक्या श्रमातही ऑक्सिजनचा आकडा त्या उंचीला साजेसा, औषध आणि ऑक्सिजनशिवाय टिकल्याशिवाय वर पाठवू नका. आणि गेलाच, तर त्याच्या सॅकचं वजन दुसऱ्यांच्या पाठीवर.